सह्याद्रीतल्या ट्रेकरने कोलोरॅडोच्या बर्फात जाताना: स्नोशूज की क्रॉस-कंट्री स्की?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून डेन्व्हरला येऊन चार महिने झालेत, सह्याद्रीत दोघांचीही भरपूर भटकंती झाली आहे, एकदा केदारकंठालाही बर्फात जाऊन आलात. आता हिवाळ्यात इथल्या डोंगरात जायचंय. स्नोशूज (पाय बर्फात फार बुडू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घ्यावेत की क्रॉस-कंट्री स्की (बर्फावरून सरकत चालायच्या लांब पट्ट्या)? विकत की भाड्याने? हिमस्खलनाचा कोर्स न करता जाता येईल का? फेब्रुवारीत एखाद्या हटवर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात, राहणं जमेल का? आणि त्याच सुमारास आईबाबा येणार आहेत, त्यांना बर्फात नेता येईल का?

मी इथे बरीच वर्षं हिवाळ्यात दोन्ही प्रकारांनी फिरतो आणि नव्याने आलेल्यांना सोबत नेतो, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो. साधनांचं उत्तर सोपं आहे: आत्ता स्नोशूज, तेही भाड्याने. जानेवारीत एखाद्या नॉर्डिक सेंटरवर, म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीसाठी वाटा तयार ठेवणाऱ्या केंद्रावर, स्कीचा एक धडा. तो आवडला तर मार्चमध्ये, दिवस मोठे झाल्यावर, डोंगरातल्या रुंद रस्त्यांवर स्की. अवघड भाग आहे तो जायचं कुठून याचा. सह्याद्रीतला अनुभव तिथे दम, तोल आणि चिकाटी देतो, पण वाट निवडण्याच्या बाबतीत तो चक्क उलटा पडतो. केदारकंठाचाही फार उपयोग नाही. तिथे वाट तुडवलेली असते आणि कुठल्या उतारावर पाय टाकायचा हे गाइड ठरवतो. इथे ठरवणारे तुम्हीच.

घाटमाथा चढायचा तर आपण नळी शोधतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट काय किंवा कोकणात उतरणाऱ्या अनेक घाटवाटा काय, दोन्हीकडे कडे आणि मधून दगडगोट्यांची चढण. इथे हिवाळ्यात अशी नळी दिसली की तिच्या तोंडापासूनही लांब राहायचं. वाऱ्याने उडवून आणलेला बर्फ तिच्या माथ्याशी साठतो आणि सुटला की तिच्यातूनच खाली येतो. दाट स्प्रूसच्या जंगलात मधेच सरळ खाली उतरणारा मोकळा पट्टा लागतो, चालायला अगदी सोयीचा. त्यात मोठं झाड एकही नसतं, असली तर ॲस्पनची कोवळी रोपं. कडेच्या झाडांकडे नीट पाहा. चढाच्या बाजूच्या फांद्या मोडून गेलेल्या आणि उताराच्या बाजूच्या शाबूत असतील, तर तो पट्टा हिमस्खलनाने साफ केलेला आहे आणि पुन्हा होणार आहे.

आपली दुसरी सवय म्हणजे मळलेली वाट दिसली की निर्धास्त होणं. बर्फातल्या ठशांवरून एवढंच कळतं की कोणीतरी तिथून गेलं. रात्रीत वारा सुटला असेल तर सकाळी त्याच उतारावर निराळंच ओझं पडलेलं असतं. शिवाय दहा जण एका उतारावरून सुखरूप जातात आणि अकराव्याचा पाय नेमका पातळ जागी पडतो, असंही होतं.

याचं कारण इथल्या बर्फाच्या जडणघडणीत आहे. कोलोरॅडोत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोडासाच बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे कोरडी थंडी. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं, वर मात्र रात्री उणे पंधरा-वीसपर्यंत जातं. एवढ्याशा जाडीत इतका फरक पडला की खालची वाफ वर सरकत राहते आणि तळाच्या बर्फाचे कोरडे, टोकदार, एकमेकांना न धरणारे दाणे होतात. जाड्या साखरेसारखे. तळाशी हात घालून मूठभर काढून पाहा. गोळा वळतच नाही, सगळं बोटांतून गळून जातं. डिसेंबर-जानेवारीचे मोठे बर्फ या दाण्यांवर बसतात, वारा त्यांची घट्ट लादी करतो, आणि लादीखालचा तो थर महिनोन् महिने तसाच कमकुवत राहतो. समुद्राजवळच्या डोंगरांत, म्हणजे सिएरा किंवा कॅस्केड्समध्ये, वादळ संपल्यावर दोन-चार दिवसांत बर्फ बऱ्याचदा सावरतो. इथे तसा भरवसा नाही. अमेरिकेत हिमस्खलनाने सर्वाधिक मृत्यू कोलोरॅडोत होतात. त्यात गर्दीचाही वाटा आहे, पण या थराचा नक्कीच आहे.

या थराची आणखी एक खोड म्हणजे उतार सुटायला तुम्ही उतारावर असावं लागत नाही. खालच्या सपाटीवर पाय पडला, थर बसला, ती बसकण थरातून वर धावत गेली आणि वरचा उतार तुटला, असं घडतं. २० एप्रिल २०१३ रोजी लव्हलँड पासजवळच्या शीप क्रीकमध्ये सहा अनुभवी जणांचा गट असाच सापडला. साधनं सगळ्यांकडे होती, धोक्याची कल्पनाही होती. पलीकडच्या सुरक्षित झाडीत पोचण्यासाठी ते मोठ्या उताराच्या पायथ्यातून जात होते. सुटलेला बर्फ जमिनीपर्यंतचा होता. पाच जण गेले. चालताना पायाखालून ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज आला, किंवा स्कीच्या टोकापासून बर्फात भेग पळत गेली, तर हाच थर बसतोय असं समजायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं.

आता याच्यावरचा उपाय, जो ऐकायला अगदीच साधा आहे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. म्हणून पहिल्या हिवाळ्यात ३० अंशांखालच्याच जमिनीवर फिरायचं आणि त्या जमिनीच्या डोक्यावरही ३० च्या वरचा उतार नसावा. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. दरीतला सपाट रस्ता सपाट असला तरी वरून येणाऱ्या बर्फाला तो थांबायची जागा असू शकतो. कॅलटोपो किंवा गाया या नकाशांवर उताराच्या कोनाप्रमाणे रंग चढवता येतात. आदल्या रात्री घरी बसून वाट त्या रंगांवरून पूर्ण सरकवून पाहायची, जातानाची आणि येतानाचीही.

जागेवर कोन मोजायला दोन सारख्या लांबीच्या काठ्या पुरतात. एक काठी उभी रोवा. दुसरी आडवी, अगदी पातळीत धरा, तिचं टोक चढाच्या बाजूच्या बर्फाला टेकवा आणि मूठ उभ्या काठीला लावा. मूठ उभ्या काठीच्या बरोबर मध्यावर आली तर उतार साधारण २७ अंशांचा, मध्याच्या थोडी वर आली तर ३०, आणि पार टोकाशी आली तर ४५. हे पाच-सहा वेळा केलं की डोळ्याला सवय होते. आपल्या डोळ्याला ३० अंश फार कमी वाटतात, कारण सह्याद्रीने त्याला कड्यांची सवय लावलेली असते.

कोलोरॅडो ॲव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाज आदल्या संध्याकाळी येतो, तो वाचल्याशिवाय गाडी काढू नका. धोक्याच्या पाच पातळ्या असतात: लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम. मधली ‘कन्सिडरेबल’ दिसली की आपल्याला ‘ठीकठाक’ असं ऐकू येतं. प्रत्यक्षात सर्वाधिक जीव याच पातळीच्या दिवशी जातात. हाय असेल तर लोक घरी बसतात. कन्सिडरेबलला बाहेर पडतात. नुसता आकडा पाहून थांबू नका. कुठल्या दिशेच्या उतारांवर आणि किती उंचीवर काय प्रश्न आहे, हे खाली लिहिलेलं असतं आणि खरं कामाचं तेच आहे.

मग कोर्सचं काय? वर सांगितलेल्या जमिनीवर राहणार असाल तर कोर्सशिवाय सुरुवात करायला हरकत नाही. त्यापलीकडे एक पाऊलही टाकायचं असेल तर आधी तीन दिवसांचा लेव्हल १ कोर्स. आणि तेव्हा दोघांकडेही बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं. एकाकडेच असून उपयोग शून्य, कारण तुमचं फावडं तुम्हाला काढायला नसतं. गाडलेल्या माणसाला पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता बरीच असते, नंतर ती झपाट्याने घसरते. तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही. इथली बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत, जीव तोडून काम करतात, पण त्यांना पोचायला तास लागतात.

साधनांकडे येतो. स्नोशूजचा आकार स्वतःच्या वजनावर नाही, सॅक आणि कपड्यांसकट वजनावर ठरतो. दुकानात विचारतील तेव्हा तो आकडा सांगा. गोल ॲल्युमिनियम नळीची चौकट सपाट वाटेवर छान चालते. पण आडव्या उतारावर, बर्फ कडक असेल तर, ती घसरते. चौकटीच्याच कडेला दाते असलेले घ्या, आणि टाचेखाली उचलायची तार असेल तर चढावर पोटऱ्या वाचतात. इथला कोरडा भुगा इतका हलका असतो की कोणताही स्नोशू पूर्ण तरंगत नाही, नडगीपर्यंत बुडणं चालायचंच. शिकायला अर्धा तास पुरतो: पाय थोडे फाकवून चालायचं, मागे पाऊल टाकायचं नाही, वळताना छोटी पावलं टाकत गोल फिरायचं. ताज्या बर्फात वाट फोडणारा माणूस दर पाच-दहा मिनिटांनी बदला. अशा दिवशी वेग निम्म्याहूनही खाली येतो, म्हणून उन्हाळ्यातल्या वेळांवरून हिशेब करू नका. डिसेंबरात डेन्व्हरला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, दरीत त्याच्या बऱ्याच आधी सावली येते आणि तापमान धपकन खाली जातं.

स्कीचं तसं नाही. क्रॉस-कंट्री स्कीला बूट फक्त पुढच्या टोकाला अडकतो, टाच मोकळी. पट्टीचा मधला भाग कमानीसारखा किंचित वर असतो. सगळं वजन एका पायावर दिलं की तो दबून बर्फाला टेकतो आणि पकड मिळते, वजन दोन्ही पायांवर वाटलं की पुन्हा उचलला जाऊन पट्टी घसरते. सारी कला या वजन बदलण्यात आहे. नवखे दोन्ही पायांवर वजन ठेवून नुसते चालतात, मग ना पकड ना घसरण, आणि संध्याकाळी म्हणतात की यापेक्षा स्नोशूज बरे. म्हणूनच पहिला धडा यंत्राने खाचा पाडलेल्या वाटेवर घ्या. फ्रिस्को, एल्डोरा किंवा टॅबरनॅशचं डेव्हिल्स थंब रँच, कुठेही चालेल. तिथे पडायला, पडून उठायला आणि पट्ट्यांचा व्ही करून वेग कमी करायला शिका. मेणाच्या भानगडीत सध्या पडू नका. तळाला खवले कोरलेली स्की घ्या. थंड कोरड्या बर्फात मेण जास्त वेगवान चालतं हे खरं, पण तापमान बदललं की तेच मेण डोकं खातं.

डोंगरासाठी वेगळी स्की लागते: जरा रुंद, कडेला धातूची धार, आणि जाड दांड्याचं बाइंडिंग. नॉर्डिक सेंटरची बारीक, हलकी स्की घेऊन डोंगरातल्या वाटेवर जाऊ नका. चढ होऊन जाईल. उतरताना झाडांमधल्या दोन हात रुंद वाटेवर मोकळ्या टाचेने वेग आवरत नाही, आणि वळायला जागाही नसते. उन्हाळ्यातली चालण्याची वाट ही चांगली स्कीची वाट असतेच असं नाही, बहुधा नसतेच. स्कीसाठी हिवाळ्यात बंद होणारे रस्ते शोधा. ब्रेकनरिजचा बोरियस पास रोड मला सगळ्यात आवडतो. तो जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या मार्गावरून जातो, म्हणजे चढ इंजिनाला झेपेल इतकाच. वाटेत इंजिनांना पाणी देणारी बेकर्स टँकची लाकडी टाकी लागते, पाचेक किलोमीटरवर. पहिल्या वेळी तिथूनच फिरा. परतताना सगळा हलका उतार आहे, फुकटची घसरगुंडी.

स्नोशूजसाठी आणि नंतर स्कीसाठीही वॉर्डजवळचं ब्रेनर्ड लेक. हिवाळ्यात गेट बंद असतं, तिथून तळ्यापर्यंत तीनेक किलोमीटरचा सपाटसा रस्ता आणि आजूबाजूला जंगलातल्या वाटा. त्यातल्या काहींवर स्नोशूज चालत नाहीत, फाट्यावरची पाटी वाचा. रस्त्यावर वारा इतका सुसाटतो की कधी कधी डांबर उघडं पडतं. झाडीतून जा. तळ्यापुढे डोंगराच्या कुशीत जायचा मोह होईल. पहिल्या हिवाळ्यात तो टाळा, वरचे उतार तीव्र आहेत. मूस (इथलं भलंमोठं हरीण) दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. खोल बर्फात तो तुमच्यापेक्षा कितीतरी वेगाने धावतो.

रीतीभाती दोन-तीनच आहेत. स्कीच्या जोड खाचा पडलेल्या असतील तर स्नोशूज त्यांच्या शेजारून चालवा, खाचांवरून नाही. नुसत्या बुटांनी मऊ वाटेवर चालून खड्डे पाडत जाणारा माणूस सगळ्यांच्या शिव्या खातो, कारण ते खड्डे रात्री गोठतात आणि सकाळी स्कीवाल्याचा घोटा त्यात अडकतो. उतरणारा स्कीवाला दिसला की बाजूला व्हा, त्याला थांबता येईलच असं नाही.

उंचीचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण सांगतो. डेन्व्हर १,६०९ मीटरवर आहे, कळसूबाई १,६४६. म्हणजे तुम्ही महाराष्ट्राच्या छतालगत राहायला आलात आणि ट्रेक सुरू होतो ३,००० मीटरवर. चार महिने झाल्यामुळे तुम्हाला फार त्रास होऊ नये. तरी डोकं दुखून मळमळलं तर गोळी घेऊन पुढे जायचं नाही, खाली उतरायचं.

कपड्यांत सुती काहीही नको, बनियनसुद्धा. घाम हा थंडीतला खरा शत्रू आहे: निघताना जरा कुडकुडतच निघा, दहा मिनिटांत गरम होतं. थांबलात की लगेच सॅकमधलं जाड जॅकेट अंगावर, गारठल्यावर नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवा, कारण बर्फ वरच्या बाजूने धरतो आणि झाकण मोकळं राहतं. नळीने पाणी ओढायची पिशवी आणू नका, नळी आधी गोठते. फोन आतल्या खिशात. नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावा, ऊन बर्फावरून वर येतं. खाण्याचं म्हणाल तर डिंकाचे लाडू घरून आलेत म्हणून मिरवत नेऊ नका. उणे दहाला तूप असं थिजतं की दात लागत नाही. न्यायचेच तर सकाळपासून छातीजवळच्या खिशात ठेवा. गुळाची मऊ पोळी, खारे दाणे, खजूर आणि थर्मासमधला चहा एवढं उत्तम चालतं.

हटबद्दल. टेन्थ माउंटन डिव्हिजन हट असोसिएशनच्या हट्सना जे नाव आहे ती दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सैन्याची डोंगरी तुकडी. लेडव्हिलजवळच्या कॅम्प हेलला स्कीवर तयार झाली आणि १९४५ मध्ये इटलीच्या ॲपेनाइन्समध्ये लढली. त्याच वसंतात, त्याच इटलीत, सेनिओ नदीवर आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव व्हिक्टोरिया क्रॉस मिळवत होते. कॅम्प हेलला गेलात की हे आठवा. पहिल्या दोन हट्स १९८२ मध्ये बांधल्या गेल्या. लाकडाची शेगडी, गॅस, सौर दिवे आणि गाद्या असतात. स्लीपिंग बॅग आणि जेवण आपलं, पाणी बर्फ वितळवून. यंदाच्या फेब्रुवारीतले शनिवार-रविवार तुम्हाला मिळणार नाहीत, त्यांची लॉटरी आदल्या हिवाळ्याच्या शेवटीच होऊन जाते. पण आठवड्याच्या मधले दिवस रद्द झालेले मिळतात, वेबसाइट पाहत राहा. मिळालं तर व्हेल पासजवळचं श्राइन माउंटन इन घ्या. साडेचार किलोमीटरच्या आसपास, बराचसा रुंद रस्ता, स्नोशूजनेही आरामात. स्नोमोबाइलची भणभण तेवढी सोसावी लागते. बाकीच्या बहुतेक हट्सना वाट लांब आहे, आणि मुक्कामाचं ओझं पाठीवर घेऊन वादळात नकाशा वाचायचा सराव तुम्हाला अजून नाही. त्या पुढच्या वर्षी. आणि डोंगराकडे नेणाऱ्या आय-७० महामार्गावर गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असली तरी टायरची नक्षी ३/१६ इंच शिल्लक आहे ना ते तपासा, सप्टेंबर ते मे तिथे तो कायदाच आहे.

आईबाबांना अवश्य न्या, फक्त स्नोशूजचा हट्ट धरू नका. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या स्प्रेग लेकभोवती जेमतेम एक किलोमीटरची सपाट फेरी आहे, बुटांना मायक्रोस्पाइक्स (घसरू नये म्हणून तळाला चढवायचे छोटे दाते) लावले की झालं. हिवाळ्यात पार्कमध्ये शिरायला वेळेचं आरक्षण लागत नाही, प्रवेशशुल्क मात्र लागतं. विमानातून उतरल्यावर निदान तीन-चार दिवस डेन्व्हरलाच राहू द्या, मग एक रात्र एस्टेस पार्कला, ते २,३०० मीटरच्या आत आहे, आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर दहा-साडेदहाला तळ्यावर. बाबांना रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर पुण्याहून निघण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. हातमोजे त्यांच्यासाठी बोटांचे नकोत, अखंड पंजाचे घ्या, आणि जास्तीची एक जोडी तुमच्या सॅकमध्ये ठेवा.